वनविनाश आणि नदीखोरे

उष्ण कटिबंधातील नैसर्गिक वने तोडून, जाळून अथवा शेती, जलाशय, रस्ते, खाणी व वसाहती यांकरिता जमीन मोकळी करून ती कायमची नाहीशी करणे, यास वनविनाश म्हणतात. वन जागेवर उभे असूनही त्याची दाटी, त्यातील वनस्पतींचे थर व जातिसंपदा घटत जाणे, यास वनऱ्हास अशी संज्ञा आहे. पावसाचे पाणी जमिनीत किती मुरते, नदीत ते केव्हा व किती उतरते आणि त्याबरोबर किती माती वाहून येते, हे पाणलोट क्षेत्रावरील आच्छादनावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. त्यामुळे वनविनाशाचे परिणाम वनाच्या जागेपुरते मर्यादित राहत नाहीत. ते नदीच्या काठाने दूरवरच्या वनहीन मुलखापर्यंत पोहोचतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० सालच्या पाहणीनुसार १९९० नंतरच्या तीस वर्षांत जगातील सु. ४२ कोटी हेक्टर वनक्षेत्र अन्य उपयोगांकडे वळविले गेले आणि त्याचा बहुतांश भाग उष्ण कटिबंधातील होता.

प्रस्तुत विषयाचे विवेचन येथे महाराष्ट्रातील नीरा–कऱ्हा खोऱ्याच्या आधारे केले आहे. या खोऱ्याच्या एका टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाळी वने, तर दुसऱ्या टोकाला बारामती व इंदापूर तालुक्यांतील कोरडी माळराने आहेत. अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेले मोरगाव (ता. बारामती, जि. पुणे) कऱ्हा नदीच्या काठी वसले आहे. वन व पाणी यांच्या संबंधाविषयी रूढ असलेल्या कल्पना कोठे खऱ्या ठरतात व कोठे तोकड्या पडतात, हे या खोऱ्यात स्पष्टपणे पाहावयास मिळते.

खोऱ्याची रचना : नीरा नदी भोर तालुक्यात वरंधा घाटाच्या परिसरात सह्याद्रीच्या मुख्य रांगेत उगम पावते. वेळवंडी, गुंजवणी इ. तिच्या उपनद्याही सह्याद्रीच्याच कुशीतून येतात. पूर्वेकडे वाहत जाऊन इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे ती भीमेला मिळते आणि भीमेमार्गे तिचे पाणी कृष्णेत जाते. कऱ्हा ही नीरेची उपनदी पुरंदर तालुक्यात गराडे गावाच्या बाजूस उगम पावते व सासवड, जेजुरी, मोरगाव आणि बारामती यांजवळून वाहत सोनगावजवळ नीरेस मिळते. तिच्या उत्तरेस भुलेश्वरची, तर दक्षिणेस पुरंदरची डोंगररांग आहे. म्हणजे कऱ्हेचा उगम सह्याद्रीच्या मुख्य माथ्यावर नसून त्याच्या पूर्वेकडे गेलेल्या फाट्यांत आहे. दोन्ही नद्यांच्या स्वभावातील भेद प्रामुख्याने येथूनच सुरू होतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.च्या घरात जातो. भोर येथे तो सु. १,००० मिमी.वर येतो, तर बारामती–इंदापूर भागात केवळ ५०० मिमी.च्या आसपास राहतो. माथ्यापासून मोरगावचे सरळ रेषेतील अंतर अवघे सु. ७५ किमी. आहे. एवढ्या अल्प अंतरात पाऊस सहापटींनी घटतो. ही घट वनतोडीमुळे झालेली नसून नैर्ऋत्य मोसमी वारे माथ्यावर बाष्प टाकून पूर्वेकडे कोरडे होऊन उतरतात, या भौगोलिक कारणाने झालेली आहे. या पर्जन्यछायेच्या प्रदेशाची शुष्कता मानवी वृक्षतोडीहून फार प्राचीन आहे. भीमा खोऱ्यातीलच इनामगाव (ता. शिरूर) येथे डेक्कन कॉलेजने १९६८–८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आली. तेथे पाण्याचा पाट व बांध यांचे अवशेष मिळाले असून वसाहतीच्या अखेरच्या काळातील ऱ्हास वाढत्या शुष्कतेशी जोडला जातो. मोरगाव येथे कऱ्हेच्या काठावरील गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. त्याच परिसरात अश्यूलियन घडणीची पुराश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत. राखेच्या वयाबाबत संशोधकांत मतभेद असले, तरी नदीने गाळ साठविण्याचे व तो पुन्हा कोरून नेण्याचे चक्र येथे मनुष्याच्या शेतीपूर्वीपासून चालू आहे, हे त्यावरून दिसते. वनविनाशाच्या परिणामांचा विचार या नैसर्गिक पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

संपूर्ण खोरे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचे आहे. या खडकात मूळची सच्छिद्रता अल्प असल्याने पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या मुरमात, संधींत व भेगांत साठते. उतारावरील मातीचा थर पातळ आहे. साहजिकच जमिनीची पाणी साठविण्याची शक्ती मुळातच मर्यादित असून, तो पातळ थर नाहीसा झाल्यास होणारी हानी खोल मातीच्या प्रदेशातील हानीपेक्षा गंभीर ठरते.

वनांचे प्रकार : पर्जन्याच्या उताराबरोबर वनस्पतींचे स्वरूपही बदलते. माथ्याजवळ अंजनी, जांभूळ, पिसा इ. वृक्षांची सदाहरित व निमसदाहरित वने आढळतात. त्याखाली ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा यांची आर्द्र पानझडी वने व मोकळ्या उतारांवर कारवीची दाट झुडपे असतात. पुरंदरच्या डोंगरांत धावडा, सालई, खैर इत्यादींची विरळ, शुष्क पानझडी वने दिसतात. तर मोरगाव, सुपे व इंदापूर या बाजूंस बाभूळ, हिवर, बोर, तरवड अशी काटेरी झाडे व झुडपे आणि कुसळी, पवन्या, मारवेल इ. गवतांची माळराने पसरलेली आहेत. ही माळराने सर्वत्र तुटलेल्या वनांचे अवशेष आहेत, असे मानण्याचा प्रघात पूर्वी होता. अल्प पर्जन्य व उथळ माती यांमुळे त्यांतील पुष्कळ भाग नैसर्गिक रीत्याच तृणभूमीचा आहे, हे मत आता मान्य होऊ लागले आहे.

वनऱ्हासाचा इतिहास : मावळातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकरिता झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण यांचा राब करीत आले आहेत. लोकसंख्या विरळ असताना तुटलेली फांदी पुन्हा फुटण्यास अवधी मिळत असे. एकोणिसाव्या शतकात जहाजबांधणी, आगगाडीच्या रुळांखालील लाकडे व शहरांचे जळण यांसाठी मागणी वाढली आणि हा समतोल ढळला. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनसंरक्षक म्हणून नेमले गेलेले अलेक्झांडर गिब्सन यांनी वृक्षतोडीमुळे झरे व ओढे आटतात, याकडे शासनाचे लक्ष वेधले होते. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी राखीव वने निर्माण झाली; पण त्यांबरोबरच गावकऱ्यांचे वनांवरील पूर्वापार हक्क संकुचित झाले व राखण्याची जबाबदारीही गावाकडून सुटली. भोरचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. भोर, वेल्हे व मुळशी या भागांतील खाजगी मालकीच्या वनांतून लोणारी कोळशासाठी मोठी तोड झाली. धरणांच्या बांधकामाबरोबर दुर्गम खोऱ्यांत रस्ते पोहोचल्याने या व्यापारास गती मिळाली, तर बुडीत क्षेत्रातून उठलेल्या कुटुंबांपैकी काहींनी वरच्या उतारांवर शेती सुरू केली. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने व १९८० च्या केंद्रीय वन (संवर्धन) अधिनियमाने तोडीस काही आळा बसला. तथापि डोंगरउतारावरील रस्ते, सपाटीकरण, विश्रामगृहे व दुय्यम निवासस्थाने हे अलीकडील काळातील दडपण आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात उपग्रह प्रतिमांच्या अभ्यासानुसार १९७३–९५ या काळात सु. २५ टक्के वनाच्छादन नाहीसे झाल्याचे आढळले.

वन व पाणी यांचा संबंध : वनावर पडणाऱ्या पावसाचा काही भाग पानांवर अडून तेथूनच वाफ होऊन जातो. काही भाग पानांवरून ठिबकत, तर काही खोडावरून ओघळत जमिनीवर येतो. पालापाचोळ्याचा थर थेंबाचा मारा झेलतो. त्याखालील ह्यूमसयुक्त माती किडे, गांडुळे, वाळवी व कुजलेली मुळे यांनी पोखरलेली असल्याने तीत पाणी वेगाने मुरते. मुरलेल्या पाण्यापैकी काही मुळांवाटे शोषले जाऊन बाष्पोच्छ्वासाने वातावरणात परत जाते. उरलेले मुरमातून व भेगांतून सावकाश झिरपत पावसाळ्यानंतर झऱ्यांच्या व ओढ्यांच्या रूपाने प्रकट होते. यास पाझरप्रवाह म्हणता येईल. कोरड्या ऋतूत नदीत जे पाणी दिसते, ते मुख्यत्वे याच प्रवाहाचे असते [→ जलविज्ञान].

वन तुटल्यावर या साखळीत दोन परस्परविरोधी बदल होतात. एकीकडे बाष्पोच्छ्वास व पानांवरील अटकाव थांबल्याने वातावरणात जाणारे पाणी कमी होते व जमिनीवर अधिक पाणी उरते. दुसरीकडे माती उघडी पडून थेंबांच्या माऱ्याने, गुरांच्या तुडवण्याने व उन्हाने घट्ट होते. तिची मुरविण्याची शक्ती घटते व पाणी पृष्ठभागावरून वाहून जाते. यांपैकी कोणता बदल वरचढ ठरतो, त्यावर नदीचे पुढचे वर्तन अवलंबून असते. वन तुटल्यानंतरची जमीन सुस्थितीत राहिल्यास कोरड्या ऋतूतील प्रवाह वाढूही शकतो. जमीन झिजून घट्ट झाली, तर पावसाळ्यातील लोंढा वाढतो व उन्हाळ्यातील पाझर आटतो. डच जलशास्त्रज्ञ एल. ए. ब्रुइन्झेल यांनी २००४ मध्ये उष्ण कटिबंधीय वनांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेताना, पाणी मुरणे व पाण्याची वाफ होणे यांतील हाच तोल निर्णायक असल्याचे प्रतिपादन केले.

राशींची कल्पना येण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एक हेक्टर जमिनीवर १ मिमी. पाऊस पडला म्हणजे १० घ. मी. (१०,००० लि.) पाणी मिळते. मोरगाव भागातील सु. ५०० मिमी. पावसाने प्रत्येक हेक्टरवर वर्षाकाठी ५० लक्ष लि. पाणी पडते. त्यातील केवळ दशांश भाग मुरण्याऐवजी वाहून गेला, तर हेक्टरी ५ लक्ष लि. पाणी त्या जागेच्या विहिरींना मुकते. अल्प पावसाच्या प्रदेशात मुरण्याची शक्ती टिकविणे हे नवे पाणी मिळविण्याइतकेच मोलाचे असते.

प्रयोगांचे निष्कर्ष : ‘वन म्हणजे स्पंज, ते पावसाळ्यात पाणी शोषते व उन्हाळ्यात सोडते’, ही कल्पना एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. तिची परीक्षा घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वित्झर्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे शेजारशेजारच्या पाणलोट क्षेत्रांचे प्रयोग सुरू झाले. बॉश व ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. वनाच्छादन घटल्यास नदीस मिळणारे एकूण वार्षिक पाणी सर्वसाधारणपणे वाढते, असे त्यात दिसून आले. क्षेत्राच्या १० टक्के भागावरील आच्छादन बदलल्यास वार्षिक जलराशीत सूचिपर्णी वृक्ष व निलगिरी यांच्या बाबतीत सु. ४० मिमी., रुंदपर्णी पानझडी वृक्षांच्या बाबतीत सु. २५ मिमी. आणि झुडपांच्या बाबतीत सु. १० मिमी. फरक पडतो. म्हणजे वन पाणी निर्माण करीत नाही; ते स्वतःही पाणी खर्च करते. भारतात निलगिरी पर्वतात उदगमंडलमनजीक १९६८ पासून चाललेल्या प्रयोगात गवताळ पाणलोटाच्या काही भागावर निलगिरीची लागवड केल्याने पहिल्या फेरीत ओढ्याचे पाणी सु. १६ टक्क्यांनी घटले. तोडीनंतर फुटलेल्या दुसऱ्या फेरीत ही घट सु. २५ टक्क्यांपर्यंत गेली.

याची दुसरी बाजू कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या पश्चिम घाटात झालेल्या व २०१२–१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून पुढे आली. तेथे नैसर्गिक वन, वारंवार तोडीने निकृष्ट झालेले वन व अकेशियाची लागवड असलेले पाणलोट यांची तुलना करण्यात आली. नैसर्गिक वनाखालील माती अधिक पाणी मुरविते, पावसाच्या सरीनंतरचा लोंढा तेथे कमी असतो आणि कोरड्या ऋतूतील प्रवाह अधिक टिकतो, असे दिसून आले. दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकमेकांस छेद देत नाहीत. वनाचे कार्य पाण्याची राशी वाढविण्याचे नसून तिची वर्षभरात वाटणी करण्याचे आहे आणि हे कार्य झाडांच्या संख्येपेक्षा त्यांच्याखालील मातीच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते, असे त्यांचे तात्पर्य सांगता येईल.

धूप व गाळ : उताराच्या मातीचे संरक्षण हा वनाचा सर्वांत निर्विवाद उपयोग होय. एक हेक्टर क्षेत्रावरून १ मिमी. जाडीचा थर निघून गेला, तरी सु. १२ ते १४ टन माती वाहून जाते. एवढा थर निर्माण होण्यास मात्र दीर्घ काळ लागतो. नैसर्गिक वनात धूप अत्यल्प असते. केवळ वृक्षांचे छत्र असणे मात्र पुरेसे नाही. पालापाचोळा गोळा केलेल्या व खालची झुडपे काढलेल्या लागवडीत उंच झाडांच्या पानांवर मोठे होऊन पडणारे थेंब उघड्या मातीस अधिक इजा करतात. निसटलेली माती ओढ्यांतून धरणांत साठते [→ मृदा संधारण].

नीरा खोऱ्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढण्यात आला. भाटघर येथील लॉइड धरण १९२० नंतरच्या दशकात पूर्ण झाले. पुढे वीर, देवघर व गुंजवणी येथील धरणांनी ही साखळी विस्तारली. बारामती–इंदापूर भागातील ऊसशेती व साखर कारखाने या पाण्यावर उभे आहेत. मोरगाव व सुपे परिसर नीरा कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेर, जिरायती पट्ट्यात पडतो. त्या भागासाठी आखलेल्या जनाई–शिरसाई व पुरंदर या उपसा सिंचन योजनांचे पाणी मुळा–मुठा खोऱ्यातून येते. मुळा व मुठा या नद्यांचा उगमही सह्याद्रीतच आहे. म्हणजे कोणत्याही मार्गाने पाहिले, तरी या कोरड्या मुलखाला बाहेरून मिळणारे पाणी भोर, वेल्हे व मुळशीच्या डोंगरांवर पडलेले असते. त्या डोंगरांची माती जलाशयात उतरली, तर तितक्या प्रमाणात साठवणक्षमता घटते. वनाचे हित व उसाच्या मळ्याचे हित येथे एकच आहे. परंतु वन राखणारा गाव व पाणी वापरणारा गाव निराळे असल्याने हे नाते हिशेबात धरले जात नाही.

पूर व टंचाई : २०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर बारामती, इंदापूर व पुरंदर तालुक्यांतील जिरायती भागास टंचाईचा काळ काढावा लागला. त्यानंतर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर तालुक्यात अतिवृष्टी होऊन कऱ्हेला मोठा पूर आला. जेजुरीजवळील नाझरे धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. एकाच खोऱ्यात एका वर्षाच्या आत दुष्काळ व महापूर हे दोन्ही अनुभवास आले.

अशा प्रसंगी सर्व दोष वृक्षतोडीवर टाकणे शास्त्रास धरून होणार नाही. लहान व मध्यम सरींचा लोंढा वन अडवू शकते. पण जमीन पूर्ण भिजल्यावर पडणाऱ्या असाधारण पावसापुढे वनाचीही शक्ती मर्यादित असते. अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मोठ्या नद्यांच्या महापुरांचा वनतोडीशी थेट संबंध जोडण्याविरुद्ध सावध केले होते. कऱ्हेसारख्या लहान खोऱ्यात मात्र उघडे, घट्ट झालेले उतार, बुजलेले ओढे व नदीपात्रातील अतिक्रमणे यांमुळे पाणी लवकर एकवटते व हानी वाढते. दरडींच्या बाबतीतही असेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी भीमा खोऱ्यातीलच माळीण (ता. आंबेगाव) गावावर कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तीव्र पावसाबरोबरच उताराच्या नैसर्गिक रचनेत झालेल्या फेरफारांची चर्चा त्यानंतर झाली. खोल मुळांचे जाळे मातीचे वरचे थर धरून ठेवते, पण खोलवरचे स्खलन रोखू शकत नाही.

पर्जन्यमानावरील परिणाम : वने पाऊस पाडतात, या समजुतीत काही तथ्य आहे, परंतु त्याचे प्रमाण प्रदेशपरत्वे बदलते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० नंतरच्या दशकात समस्थानिकांच्या साहाय्याने ॲमेझॉन खोऱ्यातील पर्जन्याचा सु. निम्मा भाग तेथील वनांतूनच वाफ होऊन परत आलेल्या पाण्याचा असतो, असे दाखविले. अशा खंडप्राय वनांचा नाश पर्जन्यमान घटवू शकतो. महाराष्ट्रात पावसाचे मुख्य बाष्प अरबी समुद्रावरून येते. म्हणून मोरगावच्या माळावर झाडे लावल्याने तेथील पाऊस वाढेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

जैवविविधतेवरील परिणाम : पश्चिम घाट व श्रीलंका मिळून होणारा प्रदेश जगातील जैवविविधतेच्या दृष्टीने अतिसंपन्न व संकटग्रस्त अशा मोजक्या प्रदेशांत गणला जातो. पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील गोड्या पाण्यातील माशांच्या सु. ३०० जातींपैकी निम्म्याहून अधिक व उभयचरांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक जाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र न आढळणाऱ्या आहेत. क्षेत्र घटल्यास जातींची संख्या ठराविक प्रमाणात घटते, हा परिस्थितिविज्ञानातील सुपरिचित नियम होय. सामान्यतः क्षेत्र एकदशांश उरल्यास जातींची संख्या सु. निम्म्यावर येते. ही घट तत्काळ दिसत नाही. तुकड्यांत अडकलेल्या जाती काही पिढ्या टिकून मग नाहीशा होतात.

वनाची सलगता तुटल्याचा पहिला फटका विशिष्ट गरजा असलेल्या जातींना बसतो. शेकरू ही मोठी खार झाडाच्या शेंड्यांवरून प्रवास करते. तिच्या रक्षणासाठी भीमेच्या उगमाशी भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित करण्यात आले. छत्रात खंड पडल्यास तिची वस्ती विभागली जाते. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो; काठची झाडे तुटली, की त्याची वीणच थांबते. डोंगरी ओढ्यांतील अनेक मासे गोट्यांच्या व वाळूच्या फटींत अंडी घालतात. वरून आलेला बारीक गाळ त्या फटी बुजवितो व अंडी गुदमरतात. काठची सावली गेल्याने पाणी तापते व त्यातील ऑक्सिजन घटतो. अशा रीतीने वनविनाशाचा जलविज्ञानीय व जैविक परिणाम ओढ्याच्या तळाशी एकत्र येतो.

सर्वत्र ऱ्हास होत असताना देवरायांनी मूळ वनाचे नमुने जपून ठेवले आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. अनेक देवरायांत गावाच्या पाण्याचा झरा वा कुंड असते. वन व पाणी यांच्या नात्याची जाण लोकव्यवहारात फार पूर्वीपासून होती, याची ती साक्ष होय.

माळरानांचा प्रश्न : खोऱ्याच्या पूर्व भागात जैवविविधता वृक्षांत नसून गवतात आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र केवळ सु. ५ चौ. किमी. असून तेथे चिंकारा हरणे आढळतात. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळही चिंकारा व लांडगा यांसाठी परिचित आहे. खोकड, तरस, धाविक, चंडोल यांचे जीवन अशाच मोकळ्या गवतावर अवलंबून असते. धनगरांचे कळप व लांडगे यांचे पूर्वापार सहअस्तित्वही याच भूमीशी निगडित आहे. महसुली दप्तरात मात्र ही जमीन बहुधा पडीक म्हणून नोंदलेली असते. त्यामुळे वनविनाशाची भरपाई म्हणून तीवर चर खणून गिरिपुष्प यांसारख्या परकीय वृक्षांची दाट लागवड करण्यात आली आहे. अशा लागवडीने वनाची जैवविविधता परत येत नाही व माळाची मात्र जाते. शिवाय अल्प पावसाच्या जागी बारमाही हिरवे वृक्ष गवतापेक्षा अधिक पाणी खर्च करतात. माथ्यावरील वन तोडणे व पायथ्याशी माळावर झाडे लावणे ही एकमेकांची परतफेड नव्हे. त्या दोन स्वतंत्र हानी होत.

उपाययोजना : नदीखोरे हा एकच घटक मानून त्याच्या प्रत्येक भागास अनुरूप असे आच्छादन राखणे, हे संवर्धनाचे सूत्र ठरते. माथ्यावरील उरलेल्या नैसर्गिक वनांचे व देवरायांचे रक्षण यास अग्रक्रम द्यावा लागतो. कारण प्रौढ वनातील मातीची घडण लागवडीने अल्पावधीत परत मिळत नाही. पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ञ गटाने (अध्यक्ष माधव गाडगीळ) २०११ मध्ये दिलेल्या अहवालात घाटाची संवेदनशीलतेनुसार विभागणी व निर्णयांत ग्रामसभांचा सहभाग सुचविला होता. त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संरक्षणाचे क्षेत्र मर्यादित करणारा पर्याय मांडला. मधल्या उतारांवर तोड व चराई यांना विश्रांती दिल्यास जिवंत मुळांतून स्थानिक जाती पुन्हा फुटतात. तेथे लागवडीपेक्षा राखण अधिक फलदायी ठरते.

कोरड्या भागात असा प्रयत्न पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर केला. १९७४ मध्ये त्यांनी सु. १६ हेक्टर उजाड उतार घेऊन तेथे बांध, पाझर व गवत यांच्या साहाय्याने पाणी अडविले. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान व पाणी पंचायत यांची चळवळ उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे, भूमिहीनांनाही वाटा असावा व उसासारखी फार पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, ही तिची मुख्य तत्त्वे होत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व पाण्याचा वार्षिक ताळेबंद यांच्या योगे विहिरींची पातळी सुधारली. दोन्ही ठिकाणी आच्छादनाच्या रक्षणाबरोबर पाण्याच्या वापरावरही मर्यादा घातली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे. उतारावर मुरविलेले पाणी खाली अमर्याद उपसले गेल्यास मुरविण्याचे श्रम व्यर्थ ठरतात.

माळरानांच्या बाबतीत गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था मानून तिची नोंद व व्यवस्थापन व्हावे, चराई आळीपाळीने व्हावी व वृक्षलागवड ओढ्यांचे काठ, बांध व गावठाण यांपुरती स्थानिक जातींची असावी, असे तज्ञांचे मत आहे. वनामुळे पाऊस वाढेल किंवा महापूर टळेल, अशा अवास्तव अपेक्षा ठेवल्या नाहीत, तरी वनरक्षणाची निकड कमी होत नाही. माती जागेवर राहणे, पाणी सावकाश मुरणे व पुन्हा निर्माण न करता येणाऱ्या जाती टिकणे, ही त्याची खात्रीची फळे आहेत. मोरगावसारख्या कोरड्या गावाच्या दृष्टीने माथ्यावरील वन व दाराशी असलेले गवत ही दोन्ही पाण्याच्या साठ्याचीच अंगे होत.